मोडीत निघालेल्या बंदुकांचे मोल

२६ जानेवारी २०२० रोजी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत जिने नाव कमावले, ती रायफल एकविसाव्या शतकाची दोन दशके उलटेपर्यंत भारतीय पोलिसांच्या खांद्यावर होती. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर पोलिसांना याच जुन्या रायफलीनिशी उभे राहावे लागले, आणि त्यानंतर तिच्याविषयी दोन शब्द बरे बोलणेही अवघड होऊन बसले. तिचे जाणे रास्तच होते. किंबहुना त्याला विलंबच झाला. परंतु निवृत्त झालेल्या बंदुकीचे पुढे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. केवळ शस्त्रांच्या शौकिनांनी विचारावा असा तो प्रश्न नव्हे. तो अर्थशास्त्राचा आहे, आणि त्याहूनही अधिक इतिहासाचा आहे.

बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात घडलेल्या याच रायफलीला अमेरिकेत हौशी गिऱ्हाईक आहे. मोडीत निघालेल्या लष्करी बंदुका गोळा करणाऱ्यांचा तेथे एक जुना आणि चोखंदळ वर्ग आहे. बंदुकीवर राजमुकुटाखाली ‘जीआरआय’ अशी अक्षरे असतील तर ती सम्राट जॉर्जच्या अमदानीतील, आणि अशोकस्तंभाचे सिंह असतील तर ती स्वतंत्र भारतातील, हे त्यांना पाहताक्षणी उमगते. १९६० च्या दशकात इशापूरने हीच जुनी घडण नव्या ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बेतून घेतली. तो प्रकार तर तेथे वेगळा म्हणून ओळखला आणि मागितला जातो. बोल्टवरचा क्रमांक आणि मुख्य सांगाड्यावरचा क्रमांक एकच आहे काय, आयात करणाऱ्या व्यापाऱ्याने कायद्यानुसार उमटवलेला ठसा कोठे व किती ठळक आहे, लाकडावर मूळचा हात आहे की मागाहून कोणी पॉलिश चढवले आहे, यावर भाव ठरतो. आपल्या घरांत जुन्या पितळी समईला घासूनपुसून लखलखीत करण्याची जी सवय असते, ती या बाजारात महागात पडते. चकचकीत केलेल्या बंदुकीची किंमत वाढत नाही, उतरते.

डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात एक अपवाद नोंदवून ठेवला होता. बहुतेक वस्तूंचे मूल्य त्यांवर खर्च झालेल्या श्रमावरून ठरते. परंतु दुर्मीळ शिल्पे, चित्रे, नाणी, विशिष्ट प्रदेशाची मद्ये अशा काही वस्तू आहेत, की ज्यांची संख्या कितीही श्रम केले तरी वाढवता येत नाही. त्यांचे मूल्य केवळ त्यांच्या दुर्मीळपणावर आणि घेणाऱ्याच्या ऐपतीवर व हौसेवर अवलंबून असते. (त्याच वर्षी इकडे खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेसमोर कंपनीची पलटण ‘ब्राउन बेस’ जातीच्या बंदुका घेऊन उभी होती. त्या बंदुका पुढे रिकार्डोच्या या अपवादात जाऊन बसतील, असे तेव्हा कोणाच्याही मनात आले नसेल.) रिकार्डोच्या यादीतील वस्तू मृत्यूने किंवा निसर्गाने दुर्मीळ केलेल्या आहेत. चित्रकार मरतो, विशिष्ट मातीची द्राक्षे विशिष्ट टेकडीवरच पिकतात. लष्करी बंदुकीचे तसे नाही. ती लाखांनी, कधी कोटींनी घडवली जाते. तिला दुर्मीळ करते ते सरकार. कधी भट्टीत घालून, कधी बंदर बंद करून, कधी नोंदवही मिटून.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले तेव्हा जगभरच्या सरकारांकडे अशा बंदुकांचे डोंगर पडून होते. सैन्ये स्वयंचलित शस्त्रांकडे वळू लागली, तशी बोल्ट ओढून झाडण्याची रायफल गोदामाचे भाडे खाणारी अडगळ ठरली. सॅम्युएल कमिंग्ज नावाच्या अमेरिकन तरुणाने ही संधी ओळखली आणि १९५३ मध्ये ‘इंटरआर्म्को’ ही पेढी काढली. व्हर्जिनिया राज्यात पोटोमॅक नदीकाठी अलेक्झांड्रिया येथे त्याची कोठारे होती, इंग्लंडात मँचेस्टरला आणखी होती. सरकारांकडून गठ्ठ्याने माल घ्यायचा आणि अमेरिकन शिकाऱ्याला व नेमबाजाला किरकोळीने विकायचा, हा त्याचा साधा व्यवहार. अँथनी सॅम्प्सन यांच्या ‘द आर्म्स बाझार’ या १९७७ च्या पुस्तकात या गृहस्थाची हकीकत आली आहे. ज्याने मुळात काहीच उत्पादन केले नाही, केवळ एका देशातील भंगार आणि दुसऱ्या देशातील हौस यांची गाठ घालून दिली, असा तो निव्वळ दलालीचा आदर्श नमुना होय.

स्वस्त परदेशी बंदुकांचा हा पूर अमेरिकेतील कारखानदारांना सलू लागला, हे ओघानेच आले. नवी रायफल विकणाऱ्याने दहा-पंधरा डॉलरांच्या जुन्या रायफलीशी स्पर्धा कशी करावी? १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका सिनेटरने लष्करी बंदुकांच्या आयातीला बंदी घालणारे विधेयक मांडले. त्या राज्यात बंदुकांचे जुने आणि मोठे कारखाने होते. तेव्हा विधेयकामागे लोकांच्या सुरक्षिततेपेक्षा कारखान्यांच्या संरक्षणाची चिंता होती हे उघड आहे. विधेयक मूळ रूपात टिकले नाही. अमेरिकेने मित्रराष्ट्रांना मदत म्हणून दिलेल्या बंदुका परत देशात विक्रीस येऊ नयेत, एवढाच त्याचा अंश कायद्यात उतरला. त्या सिनेटरचे नाव जॉन एफ. केनेडी.

पाच वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडींचा बळी घेतला तो अशाच एका आयात रायफलीने. इटलीत टेर्नी येथे १९४० मध्ये बनलेली ती ‘कार्कानो’ जातीची रायफल ली हार्वे ऑस्वाल्डने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवली होती. मासिकातील जाहिरात पाहून, दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंट आणि टपालखर्च निराळा. त्या वस्तूचा पुढील प्रवासही पाहण्यासारखा आहे. डेनव्हरच्या एका तेलधनिकाने ऑस्वाल्डच्या पत्नीला हजारो डॉलर देऊन तिच्यावरील हक्क विकत घेतला. अखेर अमेरिकन काँग्रेसला १९६५ मध्ये स्वतंत्र कायदा करून हा पुरावा सरकारच्या मालकीचा करावा लागला, आणि ती रायफल आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तीच नळी, तोच दस्ता, तोच चाप. पण वीस डॉलरांची वस्तू एका दिवसात अमोल झाली. तिच्या पोलादात काहीच बदलले नव्हते.

१९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने लष्करी बंदुकांची आयात जवळजवळ थांबवली. त्याच कायद्याने संग्राहकांसाठी एक वेगळा परवानाही निर्माण केला. पन्नास वर्षे उलटलेली, किंवा वस्तुसंग्रहालयाने प्रमाणित केलेली, किंवा विलक्षणपणामुळे वा एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीच्या संबंधामुळे मोल पावलेली बंदूक ही ‘कुतूहलाची वस्तू’ मानली जाते, आणि परवानाधारक संग्राहकाला ती घरपोच मागवता येते. तीन वर्षांना तीस डॉलर एवढीच या परवान्याची फी. १९८४ मध्ये या वर्गापुरते आयातीचे दार पुन्हा किलकिले झाले, आणि इशापूरच्या रायफलींसारखा माल त्यातून आत शिरला. १९८६ मध्ये मात्र मशीनगनच्या बाबतीत नोंदवही कायमची मिटली. त्या वर्षीच्या १९ मेपूर्वी नोंदलेलीच मशीनगन सामान्य नागरिकाला विकत घेता येते, नंतरची नाही. परिणाम अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. पुरवठा गोठला, मागणी वाढत राहिली, आणि मध्यमवर्गीयाच्या आवाक्यातील वस्तू दशसहस्रांवर डॉलर मोजणाऱ्यांची झाली. गंमत अशी, की मशीनगनच्या हस्तांतरावरचा २०० डॉलरचा कर १९३४ पासून तोच आहे. तेव्हा तो वस्तूच्या किमतीइतका जबर होता, आता तो दलालीच्या चिल्लरीत जमा होतो.

रशियाची ‘मोसिन-नागांत’ रायफल तर तीन कोटींहून अधिक संख्येने बनलेली. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यानंतर तिच्या पेट्याच्या पेट्या अमेरिकेत उतरल्या, आणि शंभर डॉलरांच्या आत ती कोणालाही मिळू लागली. साठे आटत गेले, पुढे रशियावर निर्बंध आले, आणि त्याच रायफलीला आज कितीतरी पट भाव आहे. जिला काल कोणी हात लावत नव्हते तिचेही संग्राहक निर्माण झाले. दक्षिण कोरियाने आपल्या कोठारातील ‘गॅरंड’ जातीच्या हजारो अमेरिकन रायफली विकायला काढल्या, तेव्हा २०१० मध्ये अमेरिकन प्रशासनाने त्यांना मज्जाव केला, आणि २०१३ मध्ये अशा पुनरायातीवर सर्वसाधारण बंदीचे धोरण जाहीर केले. उलट स्वतःच्या सैन्याची जुनी ‘१९११’ पिस्तुले त्याच सरकारने २०१८ पासून नेमबाजीच्या संस्थेमार्फत नागरिकांना विकली, तीही सोडत काढून. बाजारभावापेक्षा कमी दर ठेवला की रांग लागते किंवा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. मुंबईत सरकारी घरांची सोडत पाहिलेल्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

हा सगळा खटाटोप माणसे करतात कशासाठी? शस्त्राचे आकर्षण, पैसा गुंतवण्याची हाव, युद्धाविषयीचे भाबडे कौतुक, हे सर्व त्यात आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चांगला संग्राहक बंदुकीकडे दस्तऐवज म्हणून पाहतो, हेही तितकेच खरे आहे. स्वित्झर्लंडच्या ‘के-३१’ रायफलीच्या दस्त्याच्या टोकाशी असलेली लोखंडी पट्टी काढली, की पुष्कळदा आत एका चिठ्ठीवर ती वागवणाऱ्या सैनिकाचे नाव आणि तुकडी सापडते. ती वाचून एखाद्या दूरच्या खेड्यातील वृद्धाला पत्र लिहिणारे संग्राहक आहेत. अशा हौसेला कोरडे व्यापारीपण म्हणता येत नाही.

भारतीय बंदुकीत तर याहून मोठा मजकूर दडलेला आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पायरी मागासलेले शस्त्र द्यायचे असे धोरण धरले. आतून आटे असलेल्या ‘एनफील्ड’च्या जागी गुळगुळीत नळीची, दूरवर नेम न धरणारी बंदूक शिपायाच्या हाती दिली. पुढच्या काळात इशापूरने ‘ली-एनफील्ड’ रायफल बदलून एकच गोळी घेणारी, गुळगुळीत नळीची ‘४१०’ मस्केट तयार केली. ती पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना देण्यासाठी होती. तिच्यात लष्कराचे नेहमीचे काडतूस चालत नसे. कारण स्पष्ट होते. ती उद्या बंडखोरांच्या हाती पडली तरी निरुपयोगी ठरावी. राज्यकर्त्यांचा प्रजेवर किती विश्वास होता, हे एखाद्या गोपनीय खलित्यातून कळायचे ते या नळीचा व्यास मोजून कळते. हिंदुस्थानातील शस्त्रबंदीचा इतिहास लिहिणाऱ्याला १८७८ च्या शस्त्र कायद्याइतकीच ही मस्केटही महत्त्वाची वाटली पाहिजे. अमेरिकेतील संग्राहकाला तिची पुरती ओळख आहे. आपल्या किती इतिहासप्राध्यापकांना ती माहीत आहे?

दस्तऐवज असा घाऊक विकला गेल्याचे ठळक उदाहरण शेजारच्या नेपाळचे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात राणा राजवटीच्या काळापासूनची शस्त्रे साठून राहिली होती. कंपनी सरकारच्या अमदानीतील ब्राउन बेस, ब्रन्स्विक, स्नायडर, मार्टिनी-हेन्री, अशी एकोणिसाव्या शतकातील बंदुकांची जणू वंशावळच तेथे नांदत होती. त्यातच नेपाळी कारागिरांनी घडवलेली ‘गहेंद्र’ रायफल होती, आणि गहेंद्र शमशेर यांच्या देखरेखीखाली तयार झालेली, आपल्या पित्याचे, वीर शमशेर यांचे नाव दिलेली दोन नळ्यांची ‘बीरा’ तोफही होती. एका बंदिस्त डोंगरी राज्याने इंग्रजांकडून तंत्र उचलून स्वतःच्या हातोड्याने काय करून पाहिले, याचा तो पुरावा होता. २००३ मध्ये, देश माओवादी यादवीत होरपळत असताना, दोन अमेरिकन पेढ्यांनी हा संग्रह एकगठ्ठा विकत घेतला. पन्नास हजारांच्या आसपास बंदुका जहाजाने अमेरिकेत गेल्या आणि तेथे त्या साफ केलेल्या, अर्ध्या साफ केलेल्या आणि जशा आहेत तशा, अशा प्रतवारीने विक्रीस आल्या. १८९८ अखेरपर्यंत बनलेल्या बंदुकांना अमेरिकन कायदा बहुतांशी लागूच होत नाही, त्यामुळे परवान्याचीही अडचण आली नाही.

नेपाळ सरकारला पैशाची निकड होती, माल गंजत होता, आणि घेणाऱ्यांनी धाडस व मेहनत दोन्ही दाखवली, हे मान्य केलेच पाहिजे. त्या सिलेखान्याचे वर्णन पुस्तकरूपाने जगापुढे आणले तेही खरेदीदारांनीच. पण विक्रीतून मिळालेली रक्कम एकदाच मिळाली. कोणती बंदूक कोणत्या पलटणीची, ती कोठून आली, कोणत्या फळीवर कोणत्या गठ्ठ्यात होती, हा संदर्भ मात्र साठा फुटल्यावर पुन्हा जुळवता येत नाही. उत्खननातले भांडे बाजारातून विकत घेता येते, पण ते ज्या थरात सापडले तो थर विकत मिळत नाही. त्यातलाच हा प्रकार.

यावर एक रोकडा आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. जुनी बंदूकही माणूस मारते. डॅलसची रायफल तेवीस वर्षांची होती. ऑस्ट्रेलियाने १९९६ मधील पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या घरात बंदुका पैसे देऊन परत घेतल्या आणि नष्ट केल्या. त्यात संग्राहकांच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वस्तूही गेल्या असतील. तरी तो निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही. अमेरिकेप्रमाणे हौसेचा बाजार येथे उघडा करावा, असेही कोणी शहाणा सुचवणार नाही. ज्या देशात निवडणुका आल्या की परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेथे चालू स्थितीतील आणखी बंदुका समाजात सोडणे हा आत्मघात होय.

परंतु आपले धोरणही निर्दोष नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात १९८३ मध्ये दुरुस्ती होऊन एका व्यक्तीला तीन बंदुकांची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आणली गेली, आणि वारसाने आलेल्या बंदुकाही त्याच मर्यादेत धरल्या गेल्या. इनामदार, देशमुख, जुने शिकारी यांच्या वाड्यांतील तिसरी बंदूक अशा रीतीने सरकारजमा झाली. दुसरीकडे, १९८० च्या दशकाच्या मध्यापासून व्यक्तींना परदेशी बंदुका आयात करण्यास बंदी असल्याने पूर्वी आलेली वेब्ली रिव्हॉल्व्हरे लाखांच्या किमतीत फिरतात. सीमाशुल्क खात्याने जप्त केलेली पिस्तुले खासदारांसारख्या निवडक मंडळींना सरकारी दरात मिळण्याची सोयही बराच काळ होती. म्हणजे येथेही दुर्मीळता सरकारनेच निर्माण केली, फक्त तिचा लाभ इतिहासाला न होता वशिल्याला झाला.

जी बंदूक दुरुस्त करूनही झाडता येणार नाही, अशा कालबाह्य वा पुराणवस्तूवजा शस्त्राला आपला कायदाच मुळी सूट देतो. तेव्हा मार्ग कायद्यात आहे. पोलिसांची थ्री नॉट थ्री असो, मुद्देमालातील गावठी कट्टा असो की कोणा देशमुखाच्या वाड्यातून आलेली ठासणीची बंदूक असो, भट्टीत जाण्यापूर्वी तिचा ठसा, क्रमांक, साल आणि कोठून आली याची नोंद एका ठरावीक तक्त्यात व्हावी, छायाचित्र निघावे, आणि प्रत्येक प्रकारातील एकेक नग नळी बुजवून, चाप निकामी करून संग्रहालयाकडे जावा. उरलेले खुशाल वितळवावे. या कामाला परकीय चलन लागत नाही. जिल्ह्याच्या शस्त्रागारातील एक जाणता हवालदार, एक लिपिक आणि महाविद्यालयाचे इतिहासाचे दोन विद्यार्थी सुटीच्या महिनाभरात जिल्ह्याचे काम उरकू शकतील.

ठेवायचे कोठे, ही सबब महाराष्ट्राला तरी सांगता येणार नाही. अडकित्ते, दिवे, कुलुपे आणि शस्त्रे एका माणसाने वेडाने जमवली आणि १९७५ मध्ये सरकारच्या स्वाधीन केली, ते राजा दिनकर केळकर संग्रहालय पुण्यात उभे आहे. लष्कराचे रणगाडा संग्रहालय अहिल्यानगरला १९९४ पासून आहे. या दोहोंपैकी कोणालाही एखाद्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाकडून ‘आमच्याकडे इशापूरच्या दोन ४१० मस्केटी आहेत, हव्यात काय?’ एवढे दोन ओळींचे पत्र जावे, इतपत व्यवस्था गृहखात्याच्या एका परिपत्रकाने होण्यासारखी आहे.